कापड्याच्या बांधावरच्या मुंग्या

लग्न होऊन मी महाडला आले तेव्हा सासरे नुकतेच शाळेतून निवृत्त झाले होते. शाळेत ते शास्त्र शिकवत. घरी त्यांना मुंग्यांचा नाद होता. नाद हा शब्द सासूबाईंचा. पडवीत खिडकीजवळ एक टेबल, त्यावर शाळेनं मोडीत काढलेलं पितळी सूक्ष्मदर्शक, स्पिरिटच्या बोटभर बाटल्या आणि लाकडी पेट्या. पेटी उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास पडवीभर पसरे. आत ओळीनं टाचण्या टोचलेल्या असत. प्रत्येक टाचणीवर पोस्टकार्डाचा त्रिकोणी तुकडा आणि त्या तुकड्याच्या टोकाला बाभळीच्या डिंकानं चिकटवलेली एक मुंगी.

घरी पहिल्यांदा येणारा माणूस बाटल्या बघून विचारी, "होमिओपॅथी करता काय?"

सासूबाई आतूनच म्हणत, "करतात. मुंग्यांना."

मी हे सगळं लांबून बघत असे. आम्हा पोलादपुराकडच्या मुलींना सासऱ्यासमोर बोलायची रीत नव्हती. पदर पुढं ओढायचा, तांब्या ठेवायचा आणि मागं सरायचं. काही सांगायचं असलं तर सासूला सांगायचं, ती पुढं सांगणार. मला हे कुणी बजावलं नव्हतं, आईला तसंच बघत आले होते. शिवाय मी मुळातच कमी बोलणारी. चौथीत गुरुजींनी कविता म्हणायला उभं केलं की पाठ असलेली कविताही ओठांवर येत नसे. त्यामुळे ही रीत मला जाचत नव्हती, उलट बरी वाटायची. आमचे हे सकाळी कचेरीत जात, मग दिवसभर घरात सासूबाईंचा आवाज, मामंजींचं खाकरणं आणि माझ्या बांगड्या.

मामंजींच्या डोळ्यांना काचबिंदू झाला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेलीही हळूहळू जाईल. ते याबद्दल बोलत नसत. पण सूक्ष्मदर्शकावर वाकले की बराच वेळ तसेच राहत आणि उठताना नुसतं "हं" म्हणत. एकदा डिंकाच्या थेंबावर मुंगी ठेवायला गेले आणि ती टेबलावरच राहिली, थेंब तसाच वाळला. मी केर काढत होते. ते बोटानं टेबल चाचपत होते. मला मुंगी दिसत होती. मी केरसुणी ठेवली, काडीचं टोक ओलं करून मुंगी उचलली आणि थेंबाजवळ ठेवून आत निघून आले.

दुसऱ्या दिवशी ते सासूबाईंना म्हणाले, "ऐकलंस का? सूनबाईंना वेळ असला तर दुपारी जरा बसायला सांग टेबलाशी."

"भांडी घासून झाली की बसेल. पण ती तुमच्याशी बोलायची नाही हो."

"मुंग्या तरी कुठं बोलतात," मामंजी म्हणाले.

अशी मी त्या टेबलाशी बसायला लागले. पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकात मला फक्त माझ्या पापण्या दिसल्या, मोठाल्या, झाडूसारख्या. हे त्यांना कसं सांगायचं कळेना, म्हणून मी डोळा पुसत राहिले. त्यांच्या लक्षात आलं असावं. खिडकीकडे तोंड करून ते म्हणाले, "पहिल्यांदा सगळ्यांना आपलेच केस दिसतात. डोळा थोडा वर धरावा." मी धरला, आणि एकदम मुंगी दिसली. नुसत्या डोळ्यांना ती तांदळाच्या कणीपेक्षा लहान, गुळाच्या रंगाचा ठिपका. आत बघितलं तर तिला कंबर होती, कमरेला दोन गाठी होत्या, पाठीवर तुरळक लव होती, आणि पाठीच्या मागल्या टोकाला दोन काटे होते. मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. सासूबाईंनी चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

मामंजींचं कोडं त्या दोन काट्यांचं होतं. महाड, दासगाव, नाते या खालच्या गावांतून त्यांनी गोळा केलेल्या मुंग्यांचे काटे आखूड असत, वांग्याच्या देठावर असतात तसे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराकडच्या मुंग्यांचे काटे लांब, करवंदीसारखे, आणि डोक्यावर नांगरटीसारख्या रेघा. बाकी दोन्ही जुळ्या बहिणी. या दोन जाती की एकच? मुंबईला मुंग्या जाणणारे एक गृहस्थ होते, मामंजी त्यांना पेट्या पाठवत. ते म्हणत, काटे थोडे कमीजास्त असतातच, मुंगी एकच असेल. राणी नाहीतर नर हाती लागला तर ठरवता येतं, नुसत्या कामकरी मुंग्यांवरून सांगणं अवघड, त्यातून त्या एवढ्या लहान.

"नाव कुणी काही ठेवू दे," मामंजी खिडकीला सांगत. बोलणं माझ्याशीच असे, पण माझा संकोच राहावा म्हणून ते खिडकीकडे बघत. "दिसतंय तोवर मला एवढं एक कळायला हवं. खालची आणि वरची एक की दोन."

मी बोलत नाही यावर उपाय त्यांनीच काढला. एका वाटीत तांदूळ, एका वाटीत उडीद, मध्ये पितळेची ताटली. मी मुंगी बघायची. काटा लांब असेल तर ताटलीत तांदूळ टाकायचा, आखूड असेल तर उडीद. ते दाणा अंगठ्यानं चाचपत, "लांब" किंवा "आखूड" असं पुटपुटत आणि टाचणी त्या त्या पेटीत टोचत. टाचणी टोचायला त्यांना डोळे लागत नसत. कधी मी चुकून दोन तांदूळ टाकले तर म्हणत, "इतकी लांब?" मला पदराआड हसू येई.

पावसाळाभर आमचं हे चाललं. सावित्री नदीचं पाणी चढायला लागलं की अंगणातल्या मुंग्या अंडी तोंडात धरून भिंतीवरून वर जात. मामंजी विचारत, "कुठवर पोचल्यात?" आणि मी भिंतीला जिथं मुंग्या होत्या तिथं पाटी टेकवून ठेवी. ते जाऊन पाटीची कड चाचपत.

दिवाळीनंतर मी भातकापणीला माहेरी कापड्याला निघाले. मामंजींनी सासूबाईंच्या हाती चार बाटल्या दिल्या. बांधावर, दगडाखाली ही गुळाच्या रंगाची मुंगी दिसली तर भरून आणायची.

सासूबाई माझ्या पिशवीत बाटल्या ठेवत म्हणाल्या, "लोक सुनेबरोबर विहिणीला करंज्या पाठवतात. आम्ही बाटल्या पाठवतो, त्याही रिकाम्या."

कापड्याला आमचं शेत डोंगराच्या पायथ्याशी होतं. भात कापून झालेल्या खाचराच्या बांधावर मी बसले होते, ओली काडी घेऊन. आईनं लांबून बघितलं आणि डोक्यावरचा भारा खाली टाकून आली.

"काय करतेस गो उन्हात?"

"मुंग्या भरतेय."

"मुंग्या? तिकडं खायाला नाय काय देत तुला?"

"मामंजींना पायजेत."

"व्याह्यांना?" आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मास्तर हायत ना ते? का आता वैदू झाले?"

तीन बाटल्या बांधावरच्या वारुळांत सहज भरल्या. चौथीसाठी मी बांधाच्या कोपऱ्यातला एक चपटा दगड उलटला. त्याखाली ओल्या मातीत सुपारीएवढी पोकळी होती. आत थोड्याशाच मुंग्या, रंग गुळाचाच, पण अंगानं फारच बारीक. आणि त्यांच्या मध्ये एक मोठी. इतरांच्या तिप्पट तरी असेल, पोट जड. तिच्या पुढ्यात पांढऱ्या अंड्यांचा लहानसा ढीग होता. उजेड पडला तशा बारक्या मुंग्या अंडी उचलून धावल्या. मोठी धावली नाही. ती अंडी अंगाखाली घेऊन तिथंच राहिली.

मी बारक्यांतल्या काही बाटलीत घेतल्या. काडी मोठीजवळ नेली आणि मागं घेतली. आमच्या आळीतल्या एका बाईच्या खोलीत तेव्हा शेगडी आणि शेपांचा वास होता, तिला नुकतीच मुलगी झाली होती. मला ही मुंगीही तशीच वाटली, बाळंतीण. बाळंतिणीला कुणी खोलीतून उठवत नाही. मी दगड होता तसा ठेवला आणि त्याच्या कडेनं ओली माती लावली.

महाडला परत आल्यावर बाटल्या टेबलावर ठेवल्या. मामंजींनी चारही हातात घेऊन हलवून पाहिल्या आणि सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईंनी बरंच काम केलं म्हणायचं." मोठीचं मी कुणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

पहिल्या तीन बाटल्यांतल्या मुंग्या तांदळाच्या झाल्या. एकही उडीद पडला नाही. मामंजी खुशीत होते, दाणा चाचपण्याआधीच "लांब" म्हणायला लागले होते. मग चौथी बाटली आली. मी पहिली बारकी मुंगी भिंगाखाली धरली आणि थांबले. काटा लांब नव्हता आणि वांग्याच्या काट्यासारखाही नव्हता. नुसती पुटकुळी होती. डोक्यावरच्या रेघा असून नसल्यासारख्या. दुसरी बघितली, तीही तशीच. तिसरीही.

"काय झालं?" मामंजींनी खिडकीला विचारलं.

मी एक तांदूळ आणि एक उडीद टाकला. त्यांनी दोन्ही चाचपले. "दोन्ही कसं असेल? नीट बघावं."

मी नीट बघितलं. मग उठून आत गेले, तुरीची डाळ चिमूटभर आणली आणि ताटलीत एक डाळ टाकली.

मामंजींनी ती बोटांत फिरवली. "ऐकलंस का?" त्यांनी आत हाक मारली. "सूनबाई मुंग्या निवडतायत की आमटीची तयारी करतायत?"

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मी तिला विचारून सांगते."

"तू विचारून काय सांगणार? तुला काटा कुठला, गाठ कुठली माहीत आहे?"

"नाही बाई. मला माणसांचेच काटे माहीत."

मामंजी हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मधल्या मुंग्या निघाल्या असतील तर मुंबईचे म्हणतात तेच खरं. आखूड, मधला, लांब, सगळी एकच. मग माझा एवढा खटाटोप..."

सासूबाई माझ्याजवळ आल्या. खाली बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मी माझ्या सासऱ्यांशी अखेरपर्यंत बोलले नाही. भला माणूस होता. गेले तेव्हा सगळ्या बाया काहीबाही आठवून रडत होत्या. मला आठवायला त्यांचं एक वाक्य नव्हतं." आणि उठून आत गेल्या. आत जाऊन त्यांनी भांडी वाजवायला सुरुवात केली, जरा जास्तच.

मी सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. तोंड लपवायला ती बरी जागा होती.

"मधल्या नाहीत," मी म्हणाले. आवाज घोगरा निघाला, माझा वाटेना. "आखूड आणि लांब यांच्या मधलं काही नाही. काटा आलेलाच नाही. वेगळ्याच आहेत."

मामंजींनी खिडकीकडचं तोंड वळवलं नाही. तिकडंच बघत म्हणाले, "तिसरी जात म्हणतेस?"

त्यांच्या आवाजात एवढा आनंद होता की मला भीती वाटली.

"माहीत नाही."

"कुठल्या बाटलीतल्या?"

"शेवटच्या. दगडाखालच्या."

"वारुळातल्या नाहीत?"

"वारूळ नव्हतं. सुपारीएवढी जागा होती."

"किती होत्या?"

"मोजक्याच. आणि एक मोठी होती."

आता ते वळले. "मोठी?"

"पोटाची. अंडी घेऊन बसली होती."

"ती कुठे आहे? कुठल्या बाटलीत?"

"तिथंच आहे." मी पदर पुढं ओढला. "आणली नाही. बाळंतीण होती."

मामंजी माझ्याकडे बघत राहिले. त्यांना मी धूसरच दिसत असणार. मला वाटलं, आता हे रागावतील. मुंबईचे गृहस्थ राणी मागत होते, आणि मी राणीवर माती लावून आले होते. ते हसायला लागले, अगदी बारीक, आवाज न होता, खांदे हलत होते. मग हसणं थांबलं. तिसऱ्या जातीचा आनंद चेहऱ्यावरून उतरताना मला दिसला. उतरला आणि त्या जागी दुसरंच काही आलं.

"तिसरी जात नाही गं ही," ते म्हणाले. मला त्यांनी पहिल्यांदा गं म्हटलं. "या पहिल्या मुली आहेत."

मग त्यांनी मला समजावलं, शाळेतल्या मुलाला समजावतात तसं. नवी राणी एकटी जमिनीत शिरते. पंख गळून जातात. दार लिंपून घेते. खायला काही नसतं, बाहेर जाता येत नाही. पहिल्या मुलींना ती आपल्या अंगातलंच भरवते. म्हणून त्या पुरत्या वाढत नाहीत. बारक्या राहतात, काटा धरत नाही, रेघा उमटत नाहीत. त्यांनीच मग दार उघडायचं, खाणं आणायचं, पुढची भावंडं वाढवायची. पुढच्या मुली धडधाकट होतात. त्यांच्याकडे बघितलं तर कळतं घराणं कोणतं.

मी आमच्यातली थोरली. माझ्यामागची पाच. चौथीनंतर शाळा सुटली ती धाकट्याला पाळण्यात जोजवायला कुणी नव्हतं म्हणून. मामंजींना हे माहीत होतं की नाही, कोण जाणे. ते बोलत होते मुंग्यांबद्दलच. पण मी भिंगातून डोळा काढला नाही, आणि बराच वेळ मला काही दिसलं नाही.

"म्हणजे या पेटीत घालायच्या नाहीत," मी शेवटी म्हणाले.

"आता नाही. मोठ्या झालेल्या बघितल्याशिवाय नाही." ते म्हणाले. "शिमग्यापर्यंत तिच्या धडधाकट मुली बाहेर पडतील. तोवर मला थोडंफार दिसेल, असं वाटतं."

हिवाळ्यात त्यांची नजर झपाट्यानं गेली. संक्रांतीला तिळगूळ देताना त्यांचा हात माझ्या हाताच्या बाजूला गेला. मी हात तिकडे नेला. आम्ही रोज टेबलाशी बसत होतो, पण आता दाण्यांचं काम नव्हतं. मी सांगायची, ते टाचणी टोचायचे. अजून माझं बोलणं मुंग्यांपुरतंच होतं. जेवायला वाढते हे मी सासूबाईंमार्फतच सांगत असे, आणि सासूबाई म्हणत, "ताटात मुंगी असती तर सरळ सांगितलं असतं हिनं."

म्हणून शिमग्याची वाट न बघता माघातच आम्ही कापड्याला गेलो. सासूबाई बरोबर आल्या. "तुम्ही दोघं बांधावर बसाल आणि शेवटची एस.टी. जाईल," असं त्यांचं म्हणणं. गाडीत मामंजी खिडकीशी बसले. पोलादपूर आलं की डोंगर जवळ येतात ते त्यांना अंधारलेपणावरून कळलं. "आलं पोलादपूर," म्हणाले.

आईनं ओसरीवर घोंगडी घातली होती. दोघी विहिणी तिथं बसल्या. मी मामंजींना बांधापर्यंत नेलं, म्हणजे ते माझ्या मागून काठी टेकत आले. दगड सापडला. मी हळूच उलटला.

"आहेत?"

"आहेत. खूप झाल्यात. बिळं आत गेलीत."

"मोठ्या आहेत का?"

"मोठ्या आहेत. आणि त्या बारक्याही आहेत, थोड्या."

"काय करतायत?"

"बारक्या अंडी नेतायत. मोठ्या धावतायत इकडंतिकडं."

त्यांनी खिशातलं हातभिंग काढून मला दिलं. मी काडीवर एक मोठी घेतली, पालथी पडले, उन्हाकडे धरली. जरा वेळ लागला. मुंगी स्थिर राहीना. मामंजी काठीवर दोन्ही हात ठेवून बांधावर बसले होते, तोंड डोंगराकडे.

"लांब," मी म्हणाले. "करवंदीसारखे. डोक्यावर रेघा आहेत."

"आणखी एक बघ."

मी आणखी एक बघितली. मग आणखी. "लांबच. मोठ्या सगळ्यांचे लांब."

"म्हणजे त्या मधल्या कुणी नव्हत्या."

"नव्हत्या. त्या याच आहेत."

"खालची वेगळी आणि वरची वेगळी."

"हो."

त्यांनी मान हलवली, दोनतीनदा. मग खाली वाकून हात जमिनीवर उताणा ठेवला. मी काडीवरची मुंगी त्यांच्या तळव्यावर सोडली. ती मनगटापर्यंत गेली, बाहीत शिरली, परत आली. एवढ्या बारीक मुंगीचे पाय लागत असतील की नाही कोण जाणे, पण ते कुठं गेली, कुठं वळली हे बोट फिरवून दाखवत होते, आणि बरोबर दाखवत होते.

"राणी दिसते?"

"खोल गेली असेल. खणू का?"

"नको," ते म्हणाले. "मुंबईच्यांना मोठ्या पाठवू आणि तुझ्या त्या बारक्याही पाठवू. पटलं तर पटलं. मला कळलं ते कळलं."

मी दगड ठेवला. ऊन उतरायला लागलं होतं. ओसरीवरून आई आणि सासूबाई आमच्याकडे बघत होत्या. आईचा हात तोंडावर होता. तिची लेक सासऱ्याशी भर शिवारात बोलत होती. सासूबाई तिच्याकडे वाकून काहीतरी सांगत होत्या, आणि आई मान हलवत होती, पटल्यासारखी नाही.

परतीची वाट उताराची होती आणि खाचरांच्या बांधावरून जात होती. जाताना चढ होता म्हणून ते काठीवर चालले होते. आता पाय कुठं टाकावा हे त्यांना कळेना. सुनेनं सासऱ्याचा हात कसा धरायचा, म्हणून काठीचं एक टोक धरायचं, असं मी ठरवलं. काठीचं टोक माझ्या हातात, मूठ त्यांच्या हातात. मी पुढं झाले. इथं दगड आहे, म्हणाले. इथं बांध फुटलाय, पाय लांब टाका. इथं शेण आहे. इथून सपाट.

"अजून किती?" त्यांनी विचारलं.

"थोडंच," मी म्हणाले, आणि ओसरी येईपर्यंत सांगत राहिले.